नकार नेमका कुणाचा?

शेअर केलेला फोल्डर उघडत नाही तेव्हा लिनक्स बहुतेक वेळा दोनच शब्द बोलतं: ‘परमिशन डिनाइड’. परवानगी नाकारली एवढं त्यावरून कळतं, ती कुणी नाकारली हे कळत नाही. मग ऑफिसात ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं जरा समजतं’ तो पुढे येतो, टर्मिनल उघडतो आणि सीएचमॉड ७७७ करून मोकळा होतो. म्हणजे त्या फोल्डरवर सगळ्यांना सगळं करायची मुभा. कधी फोल्डर उघडतो, कधी नाही. नाही उघडला तरी ते ७७७ तसंच राहतं, कारण ते मागे घ्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. फोल्डर मिळाला नाहीच, वर त्याचं संरक्षण मात्र गेलं.

नेटवर्कवरच्या फोल्डरकडे जाणारी प्रत्येक विनंती निदान पाच ठिकाणी तपासली जाते. सरकारी कचेरीत कागद टेबलामागून टेबल फिरतो, तसंच हे. प्रत्येक टेबलाला अडवण्याचा अधिकार आहे, एकट्याने मंजूर करण्याचा मात्र कुणालाच नाही. आधी दोन यंत्रं एकमेकांपर्यंत पोचायला हवीत. मग फायरवॉलने वाट द्यायला हवी. त्यानंतर तुम्ही कोण हे पटायला हवं. मग फोल्डर वाटणाऱ्या प्रोग्रॅमच्या नियमांत तुमचं नाव बसायला हवं. आणि शेवटी डिस्कवरच्या फाईलचे स्वतःचे हक्क आड येता कामा नयेत. सीएचमॉड यातल्या शेवटच्या टेबलाशी बोलतं, तेही अर्धवट. बाकीच्या चौघांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून या प्रकरणात दुरुस्त्यांपेक्षा ओळखण्यावर भर आहे. नकार कुणी दिला हे एकदा कळलं की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

हाताशी एक उदाहरण ठेवू. समजा, एका करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून त्यावर ‘हिशेब’ नावाचा फोल्डर ठेवला आहे. दोन टेबलांवर विंडोज, एका लॅपटॉपवर लिनक्स मिंट, आणि दाराजवळ स्कॅनही करणारं झेरॉक्स मशीन. सर्वांना तोच फोल्डर हवा आहे.

हा गुंता इतक्या थरांचा का झाला, ते थोडक्यात सांगायला हवं. एसएमबी ही फाईल वाटून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी करून विंडोजच्या नेटवर्कचा कणा बनवली. लिनक्सवर ती आली ऑस्ट्रेलियातून. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१ च्या अखेरीस आपल्या पीसीवरून युनिक्स सर्व्हरची डिस्क वापरायची होती. त्यांनी तारेतून जाणारी पॅकेटं टिपली, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर येतं ते पाहिलं आणि तशीच उत्तरं देणारा प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढे सांबा झाला. कित्येक वर्षं सांबाचे कार्यकर्ते असंच ऐकून-ऐकून नियम शिकत होते. मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं त्यांच्या हाती पडली ती डिसेंबर २००७ मध्ये, युरोपियन कमिशनने लढलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर, दहा हजार युरो मोजून.

हा इतिहास मनोरंजनासाठी सांगितला नाही. सांबा म्हणजे युनिक्सच्या फाईल सिस्टिमवर चढवलेला विंडोजचा शिष्टाचार. वापरकर्ते दोन, पासवर्ड दोन, हक्कांच्या व्यवस्था दोन, आणि दोन्ही एकाच वेळी लागू. पुढची बहुतेक दुखणी या जोडकामातून निघतात.

आता तळापासून वर जाऊ.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध आहे, म्हणूनच तो कुणी विचारत नाही: ही दोन यंत्रं एका नेटवर्कवर आहेत का? इंटरनेट दोन्हीकडे चालतं यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडे हल्ली इंटरनेट कंपनीने दिलेलं एक वायफायचं खोकं असतं आणि रेंज पोचत नाही म्हणून कुणीतरी आतल्या खोलीत दुसरा राउटर लावलेला असतो. त्या दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलं तर सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.२९ ने सुरू होतो आणि लॅपटॉपचा १९२.१६८.० ने. आतल्या राउटरमागचा लॅपटॉप बाहेरच्या सर्व्हरपर्यंत कदाचित पोचेलही. उलट दिशेने वाट नाही, आणि नेटवर्कवरची यंत्रं आपोआप दिसणं तर बंदच. दोन्हीकडे ‘आयपी ए’ ही आज्ञा देऊन पत्ते शेजारी-शेजारी लिहून काढले की हा घोळ उघडा पडतो. इलाजही सोपा: दुसऱ्या राउटरला राउटर म्हणून नव्हे, ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायचं.

दुसरा सापळा म्हणजे पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय. त्यावर आलेल्या यंत्रांना इंटरनेट मिळतं, पण आतल्या यंत्रांशी बोलता येत नाही. तो त्याचा हेतूच असतो. काही राउटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ ही खूण मुख्य वायफायवरही लागलेली असते. लक्षण ठरलेलं: राउटरला पिंग लागतो, शेजारच्या यंत्राला लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. विंडोजचं फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही. त्यामुळे विंडोजकडून पिंग परत आला नाही म्हणजे ते यंत्र पोचण्याबाहेर आहे असं समजू नये.

आणि तिसरी गोष्ट, पत्ता बदलणं. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि काल १५ क्रमांकावर असलेला सर्व्हर आज २२ वर गेला. काल चालणारा शॉर्टकट आज मेला. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता दर पावसाळ्यात माणसं फोल्डर ‘दुरुस्त’ करत बसतात.

पत्ता बरोबर आहे, आता फायरवॉल. एसएमबीचं काम टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. जुन्या पद्धतीत १३९ वर, आणि नावं शोधण्यासाठी यूडीपीच्या १३७ व १३८ वर. बाहेरून ४४५ ठोठावून पाहिलं की तीन प्रकारची उत्तरं येतात आणि ती नीट ऐकली तर अर्धं निदान तिथेच होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं तडक उत्तर आलं तर यंत्र जागेवर आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारा कुणी नाही. म्हणजे सांबा सुरूच नाही किंवा सुरू होताना पडला. बराच वेळ काहीच न होता शेवटी ‘टाइम्ड आउट’ आलं तर मधलं फायरवॉल पॅकेटं गुपचूप गिळतं आहे. उबुंटूवरचं यूएफडब्ल्यू चालू केलेलं असेल तर ते असंच वागतं. आणि पिंग लागत असूनही ‘नो रूट टू होस्ट’ आलं तर समोर बहुधा फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातलं फायरवॉलडी आहे. त्याला गप्प बसण्यापेक्षा नकार कळवण्याची सवय आहे. हा संदेश वाचून माणसं केबल तपासायला धावतात. केबल ठीक असते. फायरवॉलला ‘सांबा’ ही सेवा कायमची मान्य आहे एवढं सांगून त्याला नियम पुन्हा वाचायला लावलं की झालं. फायरवॉल अख्खं बंद करून पाहणं हे निदान म्हणून मिनिटभर ठीक, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

इथे एका गैरसमजाला जरा वेळ द्यायला हवा, कारण त्यात तासन्‌तास वाया जातात. फाईल मॅनेजरमधलं ‘नेटवर्क’ उघडलं, तिथे सर्व्हर दिसला नाही, म्हणजे शेअरिंग बिघडलं असं लोक धरून चालतात. दिसणं आणि उघडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पूर्वी नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी नेटबायॉस आणि एसएमबीची पहिली आवृत्ती मिळून तयार करायच्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो त्याच पहिल्या आवृत्तीतल्या विंडोजच्या एका भोकातून. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य यंत्रांवर तो बसवलेला नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती मुळात बसवणंच थांबलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सांबाने ४.११ पासून ती बंद ठेवायला सुरुवात केली. आवृत्ती गेली आणि तिच्याबरोबर ती जुनी यादीही गेली. आज विंडोज शेजाऱ्यांना डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या पद्धतीने शोधतं, आणि सांबाला ती भाषा मुळातून येत नाही. लिनक्स सर्व्हर विंडोजच्या यादीत दिसावा असं वाटत असेल तर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो. लिनक्स आणि मॅकला दिसण्यासाठी अवाही हा प्रोग्रॅम पुरतो.

माझं मत विचाराल तर यादीच्या मागे लागूच नये. पत्त्याच्या पट्टीत सर्व्हरचा आयपी पत्ता आणि फोल्डरचं नाव सरळ टाइप करावं. उघडला तर शेअरिंग ठणठणीत आहे, बिघडली आहे ती फक्त पाटी. पाटीसाठी पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा असा सल्ला अजूनही मिळतो. तो घेऊ नये.

यापुढे ओळख. इथे सांबाचं जोडकाम सगळ्यात जास्त दगा देतं. लिनक्समध्ये तुमचा पासवर्ड /इटीसी/शॅडो या फाईलमध्ये एका विशिष्ट पद्धतीने विस्कटून ठेवलेला असतो. एसएमबीच्या ओळखीत मात्र पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर एक कोडं घालतो, तुमचं यंत्र पासवर्डच्या मदतीने ते सोडवतं, आणि उत्तर पडताळायला सर्व्हरकडे विंडोजच्या पद्धतीने विस्कटलेला पासवर्ड असावा लागतो. शॅडोमधल्या नोंदीवरून तो तयार करता येत नाही. म्हणून सांबा आपली वेगळी वही ठेवतं. लिनक्सवर वापरकर्ता तयार करून पुरत नाही. एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने त्याला सांबाच्या वहीतही चढवावं लागतं. त्या वहीत कोण आहे ते पीडीबीएडिट दाखवतं. सहा महिन्यांनी त्याने लिनक्सचा पासवर्ड बदलला तर सांबाचा जुनाच राहतो. ‘कालपर्यंत चालत होतं’ अशा तक्रारींच्या मागे पुष्कळदा एवढंच असतं.

याहून फसवा प्रकार पाहुण्यांचा. उबुंटू आणि डेबियनच्या तयार मांडणीत ‘मॅप टू गेस्ट’ हा नियम ‘बॅड यूझर’वर ठेवलेला असतो. अर्थ असा की अनोळखी नावाने कुणी आलं तर त्याला परत न पाठवता पाहुणा म्हणून आत घ्यायचं. आता विंडोजची सवय पाहा. ते तुम्हाला काही न विचारता आधी स्वतःच्या लॉगिनचं नाव पुढे करतं, समजा ‘ॲडमिन’. सर्व्हरवर त्या नावाचा कुणीच नाही. सांबा त्याला पाहुणा ठरवून आत घेतं आणि पुढच्याच टेबलावर ‘हिशेब’ फोल्डर म्हणतो, पाहुण्यांना प्रवेश नाही. वापरणाऱ्याला काय दिसतं? पासवर्डची चौकट न येताच ‘ॲक्सेस डिनाइड’. तो बिचारा फोल्डरचे हक्क तपासत बसतो. खरा घोळ दोन पायऱ्या मागे, नावात असतो. त्यामुळे पासवर्ड न विचारताच नकार आला तर आधी नावावर संशय घ्यावा. विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह जोडताना ‘वेगळ्या नावाने जोडा’ हा पर्याय निवडून सर्व्हरवरचं नाव स्वतः द्यावं.

अलीकडच्या विंडोजने यात भर घातली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही बिनपासवर्डाचा पाहुणाप्रवेश मुळातच बंद आहे, आणि प्रत्येक संदेशावर सही असावी असा आग्रह आहे. घरात सिनेमे ठेवायला ‘सगळ्यांना खुला’ असा फोल्डर केला होता तो नव्या लॅपटॉपवर एकाएकी उघडेनासा झाला, तर सर्व्हरला दोष देऊ नये. सुरक्षेची ती अट ढिली करण्यापेक्षा एक साधा वापरकर्ता तयार करून त्याला पासवर्ड द्यावा.

विंडोजची स्मरणशक्ती हाही एक वैताग आहे. एका सर्व्हरशी एका वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू द्यायला ते तयार नसतं, आणि चुकीचा पासवर्ड एकदा जपून ठेवला की पुन्हा-पुन्हा तोच पुढे करतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून त्या सर्व्हरची नोंद काढून लॉगआउट करावं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हेच काम किरिंग करतं, आणि तिथलीही जुनी नोंद अशीच आडवी येते. फोल्डर विंडोजवर असेल आणि लिनक्सवरून जोडायचं असेल तर आणखी एक: विंडोज उघडताना टाकतो तो पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. घरातल्या निम्म्या लोकांना तो आठवत नसतो.

चौथं टेबल सांबाच्या नियमांचं, म्हणजे एसएमबी.कॉन्फ ही फाईल. ती लिहून झाली की टेस्टपार्म चालवावं; ते फाईल वाचून सांबाला त्यातलं काय समजलं ते दाखवतं. हा सोपस्कार टाळू नये, कारण या फाईलचा स्वभाव धोकादायकपणे समजूतदार आहे. न कळलेली ओळ सांबा दुर्लक्षून पुढे जातं. समजा, ‘व्हॅलिड यूझर्स’ लिहिताना एक अक्षर चुकलं. ही ओळ ठरावीक लोकांनाच आत सोडण्यासाठी असते. चुकलेली ओळ गळली की बंधन गळतं आणि फोल्डर हव्या त्यापेक्षा जास्त लोकांना उघडा पडतो. कुणाची तक्रार येत नाही, कारण कुणाचंच अडत नाही. फोल्डर उघडतो पण त्यात काही ठेवता येत नाही, ही तक्रार मात्र हमखास येते. सांबा मुळात प्रत्येक फोल्डर ‘फक्त वाचण्यासाठी’ धरतं. ‘रीड ओन्ली’ला ‘नो’ म्हणून सांगितलं नाही तर डिस्कवरचे हक्क कितीही मोकळे असोत, लिहिता येणार नाही.

ज्यांनी ही फाईल हाताने न लिहिता फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘शेअर’ म्हटलं, त्यांची वाट वेगळी. ते शेअर /व्हार/लिब/सांबा/यूझरशेअर्स मध्ये साठतात आणि ते करणारा ‘सांबाशेअर’ या गटात असावा लागतो. ‘नेट यूझरशेअर’ने २५५ क्रमांकाची चूक दिली की घाबरू नये. त्यानंतर येणारं वाक्य वाचावं. तो फोल्डर तुमच्या मालकीचा नाही असं त्यात बहुधा स्वच्छ लिहिलेलं असतं.

आता शेवटचं टेबल, जिथे सर्वाधिक वेळ जातो. सांबाने ‘हो’ म्हटलं म्हणजे लिनक्सच्या फाईल सिस्टिमने म्हटलं असं नाही. सांबा तुमच्या नावाने फाईल मागतं, आणि लिनक्स तुमचे हक्क नेहमीसारखेच तपासतं. लोक फक्त शेवटच्या फोल्डरचे हक्क पाहतात. लिनक्स मात्र मुळापासून तिथवरचा प्रत्येक फोल्डर ओलांडता येतो का ते पाहतं. फोल्डरच्या बाबतीत ‘एक्स’ म्हणजे चालवण्याचा नव्हे, आत पाऊल टाकण्याचा हक्क. वाटेतल्या एकाही फोल्डरवर तो नसेल तर पुढे ७७७ असून काही उपयोग नाही.

उबुंटूवर याचं ठळक उदाहरण आहे. २१.०४ या आवृत्तीपर्यंत नव्या वापरकर्त्याचं होम इतरांना वाचायला खुलं असायचं. तिथून पुढे ते ७५० झालं, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून सगळ्यांना बंद. आपल्या ऑफिसातल्या सरांनी ‘हिशेब’ स्वतःच्या होममधल्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवला असेल तर बाकीच्यांची वाट होमच्या उंबऱ्यावरच संपते. नेमआय ही आज्ञा एल पर्यायासह पूर्ण वाटेवर चालवली की एकेका पायरीचे मालक, गट आणि हक्क एकाखाली एक येतात. बहुतेक वेळा अडलेली पायरी डोळ्यांसमोर येते. या छोट्याशा आज्ञेला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी मिळालेली नाही. होम मोकळं करणं हा वाईट इलाज आहे. फोल्डर होमबाहेर, /एसआरव्ही सारख्या जागी हलवणं चांगला.

गटांचाही एक बारकावा. एखाद्याला ‘अकाउंट्स’ गटात घातलं तरी त्याचं आधीपासून चालू असलेलं सत्र जुन्याच गटांवर चालतं. जोडणी तोडून नव्याने जोडल्यावरच नवा गट लागू होतो. त्या दहा मिनिटांत माणूस वैतागून आणखी तीन गोष्टी बदलतो, आणि मग कशाने चाललं ते कुणालाच कळत नाही.

मग ती नेहमीची तक्रार: एकाने केलेली फाईल दुसऱ्याला उघडते, पण सेव्ह होत नाही. सांबा नव्या फाईलवर मुळात जास्तीत जास्त ०७४४ इतकेच हक्क टिकू देतं, म्हणजे गटाला फक्त वाचायला. शिवाय नवी फाईल करणाऱ्याच्या खासगी गटात जाते. सामायिक कामासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: ‘फोर्स ग्रुप’ने गट ठरवून देणं, ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० करणं, आणि आधीपासून पडलेल्या फाईलींचा गट व हक्क एकदाच हाताने सुधारणं. तिसरी गोष्ट विसरली की नव्या फाईली चालतात, जुन्या चालत नाहीत, आणि सगळं गूढ वाटायला लागतं.

बाहेरून लावलेली यूएसबी डिस्क हे वेगळंच प्रकरण. डेस्कटॉप ती /मीडिया खाली, लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाच्या फोल्डरात आपोआप जोडतो, आणि तो फोल्डर फक्त त्याच माणसाला ओलांडता येतो. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट प्रकारची असेल तर मालक आणि हक्क जोडतानाच ठरतात. त्यानंतर सीएचमॉड कितीही वेळा करा, एक तर चूक येईल नाही तर काहीच होणार नाही. अशी डिस्क कायम शेअर करायची असेल तर /इटीसी/एफएसटॅब मध्ये तिची ओळ लिहून, मालक व गट तिथेच देऊन, ठरलेल्या जागी जोडावी. त्या ओळीत ‘नोफेल’ लिहायला विसरू नये. नाहीतर डिस्क काढून नेलेल्या दिवशी सर्व्हर सुरू होतानाच अडून बसेल.

फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात सहावं टेबलही असतं: एसईलिनक्स. सगळे हक्क बरोबर, तरीही नकार, आणि सांबाच्या नोंदीत ‘परमिशन डिनाइड’, तर त्याच्यावर संशय घ्यावा. ते फोल्डरला लावलेलं लेबल पाहतं, आणि सांबासाठी ते ‘सांबा शेअर’ प्रकारचं असावं लागतं. मजा अशी की होममधून एमव्हीने हलवलेला फोल्डर आपलं जुनं लेबल बरोबर घेऊन येतो, सीपीने केलेली प्रत मात्र नव्या जागेचं घेते. ‘सेटएनफोर्स ०’ करून अर्ध्या मिनिटासाठी त्याला नुसतं बघ्याच्या भूमिकेत बसवावं. फोल्डर उघडला तर गुन्हेगार सापडला. लगेच ‘सेटएनफोर्स १’ करावं आणि एसईमॅनेज व रिस्टोअरकॉन वापरून लेबल कायमचं बदलावं.

आपला मिंटचा लॅपटॉप, म्हणजे मागणारा लिनक्स असेल, तर ‘माउंट एरर’नंतरचा आकडा वाचायची सवय लावून घ्यावी. १३ म्हणजे ओळख किंवा हक्क. २ म्हणजे फोल्डरचं नाव चुकलं. सांबात फोल्डरचं शेअरनाव आणि डिस्कवरचं नाव वेगळं असू शकतं, हे इथे आठवावं. ११५ म्हणजे पोर्टपर्यंत पोचताच आलं नाही. आणि ११२ चं भाषांतर ‘होस्ट इज डाउन’ असं येतं, ते साफ दिशाभूल करणारं आहे. यंत्र चालू असतं. दोघांना मान्य अशी एसएमबीची आवृत्ती सापडलेली नसते. जुन्या नेटवर्क डिस्कशी नवा लिनक्स बोलायला गेला की हे हमखास होतं, कारण २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून लिनक्सने पहिली आवृत्ती आपणहून वापरणं सोडलं. ‘राँग एफएस टाइप’ असं काही दिसलं तर बहुधा सीआयएफएस-यूटिल्स हे पॅकेजच बसवलेलं नसतं. जोडलं गेलं पण लिहिता येत नाही, तर सगळ्या फाईली रूटच्या मालकीच्या दिसत आहेत का ते पाहावं. जोडताना यूआयडी व जीआयडी सांगितले नाहीत तर असं होतं; सर्व्हर परवानगी देतो आणि आपलंच यंत्र अडवतं.

सगळी यंत्रं लिनक्सची असतील तर सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेलं एनएफएस हा दुसरा मार्ग आहे. त्याच्या नेहमीच्या रूपात पासवर्ड नसतो. सर्व्हर समोरच्या यंत्राने सांगितलेल्या वापरकर्त्याच्या क्रमांकावर विश्वास ठेवतो. एका यंत्रावर १००० क्रमांक सरांचा आणि दुसऱ्यावर नव्या मदतनिसाचा असला, तर तो बिनबोभाट सरांच्या फाईली उघडेल. नकाराची कारणंही त्याच क्रमांकांत असतात. दोन्हीकडे ‘आयडी’ ही आज्ञा देऊन आकडे जुळवावेत. रूटला मात्र एनएफएस मुद्दाम ‘नोबडी’ बनवतं, त्यामुळे सुडो करूनही फाईल लिहिता आली नाही तर आश्चर्य नको.

राहिलं दाराजवळचं झेरॉक्स मशीन. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनला पुष्कळदा एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. सर्व्हरवर सांबा अद्ययावत केलं त्या दिवसापासून स्कॅन फोल्डरमध्ये पडणं बंद होतं, आणि मशीनच्या पडद्यावर एखादा अगम्य क्रमांक येतो. सांबाला ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ एनटी१ वर, म्हणजे पहिल्या आवृत्तीवर, आणायला सांगितलं की स्कॅन सुरू होतात. पण ही सेटिंग एका फोल्डरपुरती देता येत नाही. ती संपूर्ण सर्व्हरला लागू होते. म्हणजे एका स्कॅनरसाठी ग्राहकांची सगळी कागदपत्रं असलेला सर्व्हर २०१७ च्या आधीच्या काळात नेऊन ठेवायचा. बहुतेक मशीनना स्कॅन ईमेलने किंवा एफटीपीने पाठवता येतो. एफटीपीही काही फार सुरक्षित नाही, पण ते फक्त स्कॅनसाठीच्या एका रिकाम्या फोल्डरपुरतं, ऑफिसच्या आतल्या आत आणि वेगळ्या पासवर्डाने मर्यादित ठेवता येतं. तेही जमत नसेल तर एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय फक्त स्कॅन गोळा करायला लावावा. पहिली आवृत्ती त्याच्यावरच चालू ठेवावी आणि दर काही मिनिटांनी मुख्य सर्व्हरने त्याच्याकडून फाईली उचलून घ्याव्यात. सर्व्हरने जाऊन आणायच्या, त्याने आणून टाकायच्या नाहीत, एवढं पाळलं की त्या यंत्राला सर्व्हरचा पासवर्ड माहीत असण्याचीही गरज उरत नाही.